पुन्हा घरी बसायची वेळ आली, तर दिवस कसा बांधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी मडगावच्या कॉलेजात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिथेच खोली घेऊन राहते. घर सांगे तालुक्यात, नेत्रावळीच्या बाजूला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तिचा थोरला भाऊ बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होता. पहिला महिना बरा गेला. मग रात्रभर जागणं, दुपारी उठणं, लेक्चरला नुसतं हजर होऊन फोन बाजूला ठेवणं, जेवायलाही खोलीबाहेर न येणं असं वाढत गेलं आणि एक वर्ष हातचं गेलं. आता नव्या विषाणूची बातमी आली की तिच्या पोटात गोळा येतो. ती विचारते, पुन्हा तशी वेळ आली तर माझं तसं होऊ नये म्हणून मी काय करू?

आधी भावाचं बोलू, कारण घरोघरी त्याला आळस म्हटलं गेलं आणि ते चूक होतं. कॉलेज चालू असतं तेव्हा दिवस बाहेरून बांधलेला असतो. सकाळची कदंब बस, पहिला तास, प्रॅक्टिकलची बॅच, कँटीन, लायब्ररी बंद व्हायची वेळ, परतीची बस. मार्च 2020 च्या मध्यावर कॉलेजं बंद झाली, 24 मार्चच्या रात्रीपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि या सगळ्या खुंट्या एकदम उपटल्या गेल्या. पहिले तीन-चार आठवडे सुट्टीसारखं वाटतं. त्यानंतर माणूस 'जरा बरं वाटलं की सुरू करतो' असं म्हणू लागतो, आणि घसरण इथूनच सुरू होते. काही केलंच नाही तर बरं वाटण्याचं कारणही उरत नाही, म्हणून वाट बघणं लांबत जातं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे: आधी वेळ पाळायची आणि कृती करायची, मन मागून येतं.

पहिली खुंटी उठण्याच्या वेळेची. झोपण्याची वेळ ठरवत बसू नकोस, ती आपल्या हातात पूर्णपणे नसते. उठण्याची असते. बहुतेकांच्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित जास्त लांब असतं आणि सकाळच्या उजेडाने ते रोज जुळवावं लागतं. उजेड मिळाला नाही तर ते पुढे सरकत जातं. रोज फक्त पंधरा मिनिटं उशीर झाला तरी महिन्याभरात साडेसात तास होतात. म्हणजे मार्चमध्ये साडेदहाला झोपणारा मुलगा एप्रिलअखेर सकाळी सहाला झोपू लागतो, आणि हे नेमकं कधी झालं ते त्यालाही सांगता येत नाही.

सात वाजता उठायचं ठरवलं तर रविवारीही सातच, फार तर साडेसात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर ये. बाल्कांव (दारापुढचा ओटा), अंगण, परसू, काहीही चालेल, पण डोक्यावर आकाश किंवा समोर मोकळा उजेड हवा. वीस ते तीस मिनिटं. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही, तरी हे सोडू नकोस. खोलीतली ट्यूब साधारण दोन-तीनशे लक्स उजेड देते, ढगाळ सकाळीही बाहेर त्याच्या कितीतरी पट, काही हजार लक्स असतो. पागोळ्यांच्या आत खुर्ची टाकून चहा घेतलास तरी काम होतं. गावात पदेर, म्हणजे पाववाला, येत असेल तर त्याच्या भोंप्यालाच घड्याळ कर: पाव आणायला रोज तूच बाहेर जायचं, हे काम घरात आपल्याकडे घे. फोनचा गजर बंद करून पुन्हा झोपता येतं. पदेर थांबत नाही, आणि घरची माणसं पावाची वाट बघत असतात.

वेळापत्रक आधीच बिघडलेलं असेल, समज पहाटे चारला झोप आणि दुपारी बाराला उठणं, तर आजपासून अकराला झोपायचं असा निश्चय करू नकोस. पाच तास तळमळत पडशील, आणि तसं आठवडाभर झालं की अंथरूण दिसलं तरी काळजी सुरू होते. उठण्याची वेळ रोज अर्धा तास अलीकडे घे. साडेअकरा, अकरा, साडेदहा. दहा दिवसांत सातवर येशील. झोप त्याच्या तीन-चार दिवस मागे असते, ती आपण होऊन अलीकडे सरकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी प्रचंड पेंग येते आणि बहुतेकांचं इथेच फिसकटतं: दोन तास झोपतात आणि रात्र पुन्हा उघडी पडते. डुलकी घ्यायचीच तर वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आधी. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणून दूध-पावडरीचा चहा तीनपर्यंत. पाच वाजता सगळे घेतात तेव्हा तू कषाय, म्हणजे धने-जिऱ्याचा काढा, घे.

रात्री वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या जागी बस, मंद दिव्यात, काहीतरी कंटाळवाणं वाच आणि पेंग आली की परत ये. घड्याळ बघू नकोस. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. घरात वेगळी खोली नसेल तर खाटेच्या दुसऱ्या बाजूला एक चटई टाकून ठेव. जागं राहण्याची जागा आणि झोपण्याची जागा वेगळी आहे, एवढंच शरीराला कळायला हवं. याच कारणाने अभ्यास, लेक्चर, जेवण यातलं काहीही अंथरुणावर करायचं नाही. आणि एखादी रात्र असाइनमेंटपायी गेलीच तर दुसऱ्या दिवशी उठायची वेळ तीच ठेवायची. एका रात्रीने काही बिघडत नाही, बिघडतं ते दुसऱ्या दिवशी 'भरून काढण्याने'.

आता कृतीची वही. याला मानसशास्त्रात 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' असं रीतसर नाव आणि पद्धत आहे, आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे तिची मोठी चाचणी गोव्यातच झाली. पर्वरीच्या 'संगथ' या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकरवी, तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत ही पद्धत शिकवली. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात 39 टक्के. बैठकांचा गाभा साधा होता. माणूस दिवसभर काय करतो आणि त्याचा मनावर काय परिणाम होतो ते बघायचं, आणि उपयोगाच्या गोष्टी ठरवून वाढवायच्या. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला हीच रीत लागू पडते, नैराश्यापर्यंत पोचण्याआधीच.

शंभर पानी वही घे. पानावर चार रकाने: वेळ, काय केलं, मजा किती, केल्याचं समाधान किती. शेवटच्या दोन्हींना शून्य ते दहा गुण. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं, दिवसातून तीनदा, आठवेल तसं. आठवड्याने पान असं दिसू लागतं: 'रात्री 11 ते 1, रील्स. मजा 3, समाधान 0.' 'दुपारी 3 ते 4, आईबरोबर कोकमाची सोलं उन्हात घातली. मजा 4, समाधान 7.' 'सकाळी 10 ते 12, लेक्चर चालू, फोन पालथा. मजा 1, समाधान 0.' 'संध्याकाळी 6, मैत्रिणीशी दहा मिनिटं बोलले. मजा 7, समाधान 6.' हे आकडे तुझेच असतात, त्यामुळे कोणी उपदेश करावा लागत नाही. रील्सना आपण मजा समजत होतो आणि हाताने तीन लिहिले, हे बघून पुष्कळ मुलं स्वतःच थबकतात.

दुसऱ्या आठवड्यापासून आदल्या संध्याकाळी उद्याच्या फक्त तीन गोष्टी लिहायच्या. एक अभ्यासाची, एक शरीराची, एक माणसांची. वेळ, जागा आणि माप ठरलेलं हवं. 'केमिस्ट्री करायची' हे चालत नाही. '9.10 ते 9.50, ऑरगॅनिक, दुसरं युनिट, पान 34 ते 40, बाबांच्या टेबलावर' हे चालतं. शरीराची म्हणजे व्यायामशाळा नको, तीस मिनिटं जोरात चालणं पुरे. आठवड्याला दीडशे मिनिटांचं माप जागतिक आरोग्य संघटनेने दिलंय, ते पाच दिवसांत होतं. बाहेर जायला बंदी असेल तर अंगणात फेऱ्या, माडीच्या पायऱ्या, सूर्यनमस्कार. माणसांची गोष्ट म्हणजे एका माणसाशी आवाजात बोलणं. ग्रुपवर अंगठा पाठवणं त्यात धरायचं नाही.

इथे दोन चुका होतात. उत्साही मुलं पहिल्या दिवशी अकरा गोष्टी लिहितात, चार होतात आणि तिसऱ्या दिवशी वही बंद होते. तीनच लिही, जास्त झाल्या तर बोनस. दुसरी चूक म्हणजे मन अगदी उतरलेलं असेल त्या दिवशी सगळंच रद्द करणं. रद्द करू नकोस, निम्मं कर. चाळीस मिनिटांऐवजी वीस, सात पानांऐवजी एक. वेळ आणि जागा मात्र तीच. खुंटी जागेवर राहिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण दोरी बांधता येते.

आता रेंज. तुझ्या बाजूला हा प्रश्न मनाच्या प्रश्नाहून लहान नाही. सांगे, सत्तरी, काणकोण, धारबांदोडा इथल्या मुलांनी तेव्हा डोंगरावर चढून लेक्चरं ऐकली. दिवसभर तुटणारा आवाज, 'सर, ऐकू येत नाही' म्हणायचा संकोच, मागे पडल्याची भावना, यातून मुलं हळूहळू सुटत गेली. म्हणून आधी हिशेब मांड. व्हिडिओ चालू असलेलं लेक्चर तासाला साधारण पाऊण ते दीड जीबी खातं. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असेल तर दुसऱ्या लेक्चरलाच ते संपतं. स्वतःचा कॅमेरा बंद आणि समोरच्यांचा व्हिडिओही बंद करून फक्त आवाज ऐकलास तर तेच लेक्चर शंभरेक एमबीच्या आत बसतं. रेंज अगदीच नसेल तर वर्गातल्या चांगल्या रेंजवाल्या मैत्रिणीला आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांग. दहा मिनिटांच्या आवाजी निरोपाला दोन एमबीच्या आसपास लागतात, पन्नास मिनिटांचं लेक्चर दहा एमबीत येतं आणि टूजीवरही पाव तासात उतरतं. सोबत फळ्याचे चार फोटो. शिक्षकांची परवानगी घेऊनच हे करायचं, आणि ती सहसा मिळते. विनंती वैयक्तिक करू नका, रेंज नसलेल्या सगळ्यांनी मिळून एकच लेखी विनंती विभागप्रमुखांना करा: आवाजाची फाइल, पीडीएफ, आणि हजेरी लेक्चरच्या वेळेऐवजी चोवीस तासांत दिलेल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर.

पदवीच्या अभ्यासक्रमासाठी गोवा सरकारच्या उच्च शिक्षण संचालनालयाने 'दिष्टावो' म्हणून व्हिडिओ लेक्चरं तयार केली आहेत. आपल्याच कॉलेजांतल्या शिक्षकांनी गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे घेतलेली असल्याने ती थेट उपयोगी पडतात. मडगावला चांगली रेंज असताना कमी दर्जाच्या चित्रात उतरवून ठेव. टीव्ही आहे आणि इंटरनेट नाही अशा घरात 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर मोफत दिसतात. प्रॅक्टिकलसाठी शिक्षण मंत्रालयाच्या 'व्हर्च्युअल लॅब'वर प्रयोगाची रीत बघता येते. हाताची सवय त्याने होत नाही, पण जर्नल आणि व्हायवा निभावतो.

आणि डोंगरावर जायचंच असेल तर ऐक, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. मे अखेरपासून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर विजांसह पाऊस येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. उठायचं आणि पक्क्या घरात यायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पुन्हा वर जायचं नाही. एकट्या झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, टाकीजवळ थांबायचं नाही. एकटीने जायचं नाही, कुठे बसणार ते घरी सांगून जायचं. पायात बंद बूट, बसायला कातळ किंवा खुर्ची, गवत नको. रानातून आल्यावर अंगावर गोचिडी बघायच्या. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो मुख्यतः गोचिडींतून येतो. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दहा हजार एमएएचची पॉवर बँक घरात हवीच. तिच्यात फोन साधारण दोनदा भरतो.

एकाच फोनवर दोन भावंडं असतील तर रविवारी कागदावर वाटणी करा. परीक्षा, व्हायवा आणि तोंडी उत्तरं द्यायची ती लेक्चरं आधी, बाकीची रेकॉर्डिंगवर. भांडणं वाटणीवरून होत नाहीत, वाटणी तोंडी ठेवल्याने होतात.

घरातल्या माणसांचं. मुलगी घरी आहे म्हणजे हाताशी आहे असं घर धरून चालतं, आणि मुलींचा अर्धा अभ्यास तिथे जातो. 'मला अभ्यास आहे' असं म्हणून सुटका होत नाही, कारण ते दर वेळी नव्याने सांगावं लागतं. त्याऐवजी सौदा कर: रोजची दोन ठरावीक कामं माझी, समज सकाळचं झाडलोट आणि रात्रीची भांडी, ती कोणी न सांगता होतील. बदल्यात नऊ ते अकरा आणि तीन ते पाच मला हाक मारायची नाही. हे चार तास मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाव. दाराला लाल फडकं अडकव म्हणजे आजीला घड्याळ बघावं लागणार नाही. भाऊ घरी असेल तर त्याच्याही वाट्याला दोन कामं. आईला हे पटवायला आठवडा लागतो. पहिले तीन दिवस तू तुझी दोन कामं चोख केलीस की पटतं.

पैशांची गोष्ट मुलं मनातच ठेवतात. 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकवाल्या घरांनी एक धक्का सोसला होता, दोन वर्षांनी पर्यटन थांबलं तेव्हा टॅक्सी, हॉटेल, शॅक आणि जहाजावरच्या नोकऱ्यांवर चालणाऱ्या घरांना दुसरा बसला. अशा घरात मुलीला आपण ओझं आहोत असं वाटू लागतं, आणि बाबा गप्प राहिले की ती आपल्या मनाने आकडे रचते. खरे आकडे विचार. वीस मिनिटं बसून महिन्याला लागतात किती, हातात आहेत किती, फीची मुदत कधी, एवढं कागदावर मांडलं की रात्रीची भीती आटोक्यात येते. फी हप्त्यांनी भरण्याचा अर्ज प्राचार्यांच्या नावे मुदतीच्या आधी द्यायचा, नंतर नाही. शिष्यवृत्तीच्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर.

परीक्षांच्या अफवांवर एक नियम ठेव: लेखी परिपत्रक हातात येईपर्यंत परीक्षा होणार असं धरायचं. 2020 मध्ये 'यंदा सगळे पास' हे महिनोन्‌महिने फिरत होतं. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायला सांगितलं आणि 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला. वह्या बांधून ठेवलेल्या मुलांची त्या ऑगस्टात फार ओढाताण झाली. बातम्याही दिवसातून दोनदाच, सकाळी आणि संध्याकाळी, पंधरा-पंधरा मिनिटं, आणि झोपण्याआधी दोन तास मुळीच नाही.

घरात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर? नियम रोगागणिक बदलतात. कोविडसाठी जानेवारी 2022 च्या केंद्राच्या सूचनेत सात दिवस विलगीकरण आणि सलग तीन दिवस ताप नसणं असं होतं, 2020 मध्ये ते जास्त दिवसांचं होतं. नव्या रोगात त्या वेळची सूचना बघायची. पण आपल्या घरांची एक अडचण सूचनेत लिहिलेली नसते. जुन्या कौलारू घरात आतल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत, वर मोकळं असतं, आणि एका खोलीतली हवा दुसऱ्या खोलीत जाते. दार लावलं म्हणजे वेगळं झालं असं तिथे होत नाही. आजारी माणसाला मधल्या खोलीत ठेवू नका. कडेची, बाहेर उघडणारी खिडकी असलेली खोली द्या, शक्य असेल तर अंगणातून स्वतंत्र येजा. खिडकी उघडी, पंखा खिडकीकडे तोंड करून, आणि घरातल्या सगळ्यांनी आतही मास्क वापरायचा. ऑक्सिमीटर लावताना नखाला रंग नको, बोट गार नको, हात टेबलावर स्थिर आणि आकडा अर्धा मिनिट ठरल्यावरच लिहायचा. 93 किंवा कमी, आणि पुन्हा मोजूनही तेच, तर वाट न बघता डॉक्टर किंवा 108.

विलगीकरणात छातीत धडधड आणि श्वास अपुरा वाटणं हे भीतीनेही होतं. आकडा 97-98 आहे, बोटांना मुंग्या येताहेत आणि लाट दहाएक मिनिटांत ओसरते, असं असेल तर ती बहुधा भीतीची आहे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. पहिल्या मिनिटाला काही फरक पडत नाही, म्हणून मुलं सोडून देतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पडतो.

हे सगळं करूनही पुरत नाही अशी वेळ ओळखायला हवी, आणि तुझ्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच कोणाला जमलं नाही. दोन आठवडे सलग, बहुतेक दिवस, मन उदास किंवा कशातच गोडी नाही, आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, आपण नालायक आहोत असं वाटणं, हे उदासीपलीकडचं आहे. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते, दोन मिनिटं लागतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. दहा किंवा जास्त आले तर समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलायचं. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याहून जास्त काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत आणि चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था आहे, सगळे तिला आयपीएचबी म्हणतात. तिथे जायला वेड लागावं लागत नाही. फोनवर पहिलं वाक्य सुचत नाही म्हणून पुष्कळजण फोन ठेवून देतात. ते लिहूनच ठेव: 'मी विद्यार्थिनी आहे, दोन आठवड्यांपासून झोप आणि मन ठीक नाही, मला बोलायचंय.' पुढचं विचारणं समोरच्याचं काम आहे.

घरच्यांसाठीही एक सांगते. मुलगा बोलेनासा झाला तर 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं सरळ विचारावं. विचारल्याने विचार येत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नये, बागायतीची फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात घालाव्यात आणि लगेच मदत घ्यावी.

तू खोलीवर राहतेस म्हणून आत्ताच एक पिशवी ठरवून ठेव. कॉलेज बंद झालं की निघायला एक-दोन दिवसच मिळतात आणि मुलं कपडे भरतात, जर्नल विसरतात. चालू सत्राची पुस्तकं, प्रॅक्टिकलची जर्नल, चार्जर, पॉवर बँक, चष्म्याचा नंबर, नियमित गोळ्या असतील तर महिनाभराच्या, थर्मामीटर, ओळखपत्र आणि फीच्या पावत्यांचे फोटो. लायब्ररीची पुस्तकं परत करण्याऐवजी मुदत वाढवून मागायची. तीन मैत्रिणींची नावं आधीच ठरव, ज्या एकमेकींना रोज रात्री आठ वाजता फोन करतील. एखादी दोन दिवस उचलत नसेल तर तिसऱ्या दिवशी तिच्या घरच्यांना फोन करायचा, हेही आधीच ठरलेलं असू दे.

राहिला भाऊ. त्याला त्या वर्षाबद्दल बोलायला आवडत नाही असं तू लिहिलंयस. समोरासमोर बसवून विचारू नकोस, पाव आणायला जाताना किंवा बागायतीत काम करताना, दोघं एका दिशेला बघत असताना विचार. 'तू का असा झाला होतास?' असं नको. 'तेव्हा कोणत्या वेळेला सगळ्यात वाईट वाटायचं?' एवढंच विचार. तो 'रात्री तीनला' म्हणाला, तर त्या वेळेला घरात कोण जागं असतं आणि कोणाला हाक मारता येईल, हे दोघांनी मिळून ठरवा.